भावंडांची वारी

आषाढी एकादशी दोन-तीन दिवसांवर येऊन ठेपलेली असते. वेळापूरहून भंडीशेगावकडे जाणाऱ्या वाटेवर टप्पा नावाचे एक ठिकाण आहे. तेथे माणसांची दाटी होऊ लागते. शेतकरी हातांतले काम टाकून येतात. म्हाताऱ्या आज्या नातवंडांना कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. थोड्याच वेळात टाळमृदंगांचा घोष कानी पडतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रथ येतो आणि सोपानदेवांच्या पालखीचाही रथ येतो. दोन्ही रथ शेजारी शेजारी उभे राहतात. दोन्ही सोहळ्यांचे मानकरी एकमेकांना श्रीफळ देतात. ‘माउली, माउली’ या गजराने आसमंत दुमदुमून जातो आणि कित्येकांच्या डोळ्यांना पाणी येते. या भेटीला वारकरी ‘बंधुभेट’ म्हणतात.

पाहू गेल्यास पालख्यांत असतात त्या केवळ पादुका. मग त्या एकमेकींजवळ आल्या म्हणून माणसांचे डोळे का भरून यावेत? हे कळण्यासाठी सातशे वर्षांहून अधिक मागे गेले पाहिजे.

पैठणजवळील आपेगावचे विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला होता. परंतु गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. पुढे त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार अपत्ये झाली. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ सालचा असे परंपरेने मानले जाते. निवृत्तिनाथ त्यांच्याहून वडील. सोपान आणि मुक्ता ही धाकटी. संन्याशाची मुले म्हणून लोकांनी त्यांना वाळीत टाकले. कोणी त्यांना दारी उभे करीना, कोणी त्यांच्याशी बोलेना. अशातच आईवडिलांचे छत्र हरपले. चार कोवळी मुले या अफाट जगात एकटी उरली. त्यांना आधार होता तो केवळ एकमेकांचा.

परंतु तो आधार केवढा मोठा होता! वडील भाऊ निवृत्ती हाच ज्ञानदेवांचा गुरू झाला. त्याच्याच कृपेने नेवासे येथे १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सिद्ध केली. तीच आपली ‘ज्ञानेश्वरी’. मोठ्यांनी धाकट्यांना सांभाळावे, ही जगाची रीत. या घरात मात्र धाकटी बहीणही वेळप्रसंगी भावाला सावरीत असे. एकदा लोकांच्या कठोर बोलण्याने ज्ञानदेवांचे मन फार दुखावले, आणि झोपडीची ताटी लावून ते आत बसून राहिले, अशी कथा सांगतात. चिमुकली मुक्ता ताटीपाशी आली. तिने भावाची समजूत घातली. जगाने कितीही छळले तरी सज्जनाने आपला शांतपणा सोडू नये, असे तिने विनविले. ते तिचे बोल ‘ताटीचे अभंग’ म्हणून मराठीत अमर झाले आहेत.

अशी ही एकमेकांच्या जिवाला जीव देणारी भावंडे. परंतु अखेरीस त्यांना एकमेकांपासून दूर जावे लागले. १२९६ साली कार्तिक महिन्यात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर महिन्याभरात सोपानदेवांनी सासवड येथे, कऱ्हेच्या काठी, देह ठेवला. पुढील वर्षी तापीच्या तीरावर मुक्ताबाई अंतर्धान पावल्या आणि निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. ज्यांनी बालपणी एकमेकांचे हात कधी सोडले नाहीत, त्यांची चार स्थाने अशी चार दिशांना विखुरली.

मात्र त्यांचा वियोग लोकांना मानवला नाही. दरवर्षी आषाढात चारही भावंडांच्या पालख्या आपापल्या गावांहून पंढरपुरास निघतात. वारकरी पंढरीला आपले माहेर मानतात. माहेरी जसे दूरदूरचे भाऊबहीण एकत्र जमावेत, तसेच हे जमणे आहे.

बहिणीची वाट सर्वांत लांबची. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे मुक्ताबाईंचे स्थान. तेथून त्यांची पालखी चौघांत सर्वांच्या आधी, ज्येष्ठाच्या शुद्ध पक्षातच निघते. रस्ते उन्हाने तापलेले असतात, पावसाचा पत्ता नसतो. खानदेश मागे टाकून बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडीत, गोदावरी पार करीत ती पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट चालते. या प्रवासाला महिन्याहून जास्त दिवस लागतात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते. सह्याद्रीचा पायथा सोडून ती नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा या वाटेने दक्षिणेकडे येते.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. साताऱ्याजवळील आरफळ गावचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. पुण्यावरून दिवेघाट चढून पालखी सासवडला येते. सासवड हे तर सोपानदेवांचे गाव! माउली तेथे मुक्कामाला असतानाच सोपानदेवांची पालखी पंढरीकडे निघते. मग माउली जेजुरी, लोणंद, फलटण या मार्गाने जातात आणि सोपानदेव बारामती, अकलूज या मार्गाने. दोघांच्या वाटा वेगळ्या. परंतु दहाबारा दिवस चालून त्या ज्या ठिकाणी एकमेकींना मिळतात, तेच हे टप्प्याचे ठिकाण. म्हणूनच ती घटकाभराची भेट पाहण्यासाठी माणसे तहानभूक विसरून उभी राहतात.

पुढे पंढरपुराच्या वेशीवरील वाखरी या गावी संतांच्या प्रमुख पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वराचा वडील भाऊ, आळंदीचा ज्ञानदेव, सासवडचा सोपान आणि तापीकाठची मुक्ता ही चौघे वर्षाने एका गावी येतात. संत नामदेवांच्या पादुका पंढरपुराहून त्यांच्या स्वागताला सामोऱ्या येतात. दशमीला सारे मिळून पंढरीत प्रवेश करतात. एकादशीचा सोहळा होतो. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालख्या आपापल्या गावी परत जावयास निघतात. भेट संपते, पण पुढच्या आषाढाचे वचन मागे राहते.

हे वचन पाळणे नेहमीच सोपे नव्हते. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. एका ठिकाणी गर्दी जमली असती, तर रोग घरोघरी पोहोचला असता. वारकऱ्यांनी मनावर दगड ठेवला आणि ते घरी राहिले. मोजक्या माणसांनी संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून दशमीच्या दिवशी पंढरीला नेल्या. २०२१ सालीही तसेच करावे लागले. रस्ते ओस होते, दिंड्या नव्हत्या. तरी भावंडांच्या भेटीत खंड पडला नाही. २०२२ साली वाटा पुन्हा टाळमृदंगांनी गजबजल्या.

एका गोष्टीचा येथे विचार करावा. या चार मुलांना त्या काळच्या लोकांनी आपल्या दारातून दूर लोटले होते. आज त्याच मुलांची एकमेकांशी गाठ पडावी म्हणून लाखो लोक ऊनपाऊस अंगावर घेत चालतात. वाटेवरची गावे त्यांच्यासाठी दारे उघडतात. कोणी पाणी देतो, कोणी भाकरी. वारीत अनोळखी माणसेही परस्परांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. तेथे ज्याला त्याला भाऊ भेटतो, बहीण भेटते. चार पोरक्या भावंडांनी एकमेकांवर जी माया केली, ती त्यांच्यापाशीच राहिली नाही; ती साऱ्या महाराष्ट्राची झाली.

स्वाध्याय

१. ‘बंधुभेट’ कोठे व कोणाची होते?
२. लोकांनी चारही भावंडांना वाळीत का टाकले?
३. ‘या घरात मात्र धाकटी बहीणही वेळप्रसंगी भावाला सावरीत असे.’ हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. महाराष्ट्राचा नकाशा काढून त्यात चारही भावंडांची समाधिस्थाने व पंढरपूर दाखवा.
५. तुमच्या घरी भाऊबहीण दरवर्षी एकत्र जमतात असा एखादा प्रसंग असल्यास त्याचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.