हिऱ्याची पारख

पांझरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले देवपूर हा धुळे शहराचाच एक भाग होय. येथील लोकांना दागिना घ्यावयाचा झाला, तर ते पूल ओलांडून धुळ्याच्या बाजारात जातात, किंवा सुवर्णनगरी म्हणून ख्याती पावलेले जळगाव गाठतात. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले, की त्यांतील काही भाग मुलीच्या लग्नासाठी सोन्यात घालावयाचा, ही खानदेशातील कुटुंबांची जुनी रीत आहे. सोन्याची पारख घरातील वडीलधाऱ्यांना थोडीफार असतेच. पण आता दागिन्यात सोन्याबरोबर हिराही येऊ लागला आहे, आणि तेथे मात्र भलेभले गोंधळतात. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर कळतो. हिऱ्याचा कस तसा कळत नाही. मग वर्षभराच्या कष्टाची कमाई ज्याच्यासाठी मोजावयाची, तो हिरा पारखावा तरी कसा?

प्रथम, काय करू नये ते पाहू. ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी जो फुटत नाही तोच खरा हिरा, अशी समजूत फार जुनी आहे. तुकोबांच्या अभंगातही हा दृष्टान्त आला आहे. खरा संत जगाचे आघात सोसतो, हे सांगण्यासाठी तो दृष्टान्त सुंदरच आहे. परंतु बाजारातील परीक्षा म्हणून तो घातक ठरेल. हिरा अत्यंत कठीण असतो, म्हणजे त्याच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. पण त्याबरोबरच तो ठिसूळही असतो. विशिष्ट दिशेने घाव बसला, तर त्याचे तुकडे होतात. काचेवर रेघ ओढून पाहणेही व्यर्थ होय. माळरानावरची गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा काढते. तेवढ्याने काही ती हिरा ठरत नाही!

हिऱ्याचे मोल चार गुणांवर ठरते: वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू. वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. सोन्याच्या बाबतीत मात्र कॅरट हा शब्द शुद्धता दाखवितो. या दोहोंची गल्लत करू नये. रंग पाहण्यासाठी सुटा हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवावा व बाजूने निरखावा. त्यात पिवळट झाक जितकी कमी, तितका तो सामान्यतः मोलाचा. पेढीवरील झगमगत्या दिव्यांखाली कोणताही खडा तेजस्वी दिसतो; म्हणून तो दिवसाच्या उजेडातही पाहावा. निर्मळपणासाठी दहापट मोठे दाखविणारे भिंग दुकानदाराकडून मागून घ्यावे. त्यातून हिऱ्याच्या पोटातील बारीक ठिपके, रेषा किंवा चिरा दिसतात. निसर्गात घडलेल्या बहुतेक हिऱ्यांत असे काही ना काही असतेच. म्हणून डाग दिसताच खडा खोटा समजू नये, आणि अगदी निष्कलंक खडा स्वस्तात मिळू लागला, तर अधिक सावध व्हावे.

चौथा गुण पैलूंचा. आपल्या भाषेत रत्नाच्या तेजाला ‘पाणी’ म्हणतात. हे पाणी खाणीतून आयते येत नाही. ते बऱ्याच अंशी पैलू पाडणाऱ्याच्या हातून येते. याची साक्ष आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील हिऱ्याने दिली आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवालयातील ‘नासक’ नावाचा हिरा 1818 साली, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे 90 कॅरट होते. परंतु पैलू ओबडधोबड असल्यामुळे तो म्हणावा तसा चमकत नसे. पुढे त्याला पुन्हा पैलू पाडण्यात आले. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो आणखी कापविला, आणि अखेर तो 43 कॅरटांहून किंचित अधिक उरला. निम्म्याहून अधिक वजन गेले, पण तेज वाढले. केवळ मोठा खडा पाहून भुलणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता नकली खड्यांकडे वळू. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने मिळणारा खडा हिरा नसतो. भिंगातून पाहिल्यास खऱ्या हिऱ्याच्या पैलूंच्या कडा धारदार दिसतात; या खड्याच्या कडा बहुधा बोथट वा झिजलेल्या असतात. शिवाय तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याहून तो बराच जड भरतो. मॉइसनाइट नावाचा खडा अधिक फसवा आहे. उष्णतेवर चालणाऱ्या साध्या तपासणी-यंत्रालाही तो चकवतो. परंतु भिंग तिरपे धरून पाहिले, तर त्याच्या मागील पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात.

येथे डोळ्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. आज प्रयोगशाळेत घडविलेले हिरे मिळतात. त्यांची घडण नैसर्गिक हिऱ्यासारखीच असल्यामुळे ते नकली नव्हेत. मात्र त्यांची किंमत पुष्कळच कमी असते. हा भेद डोळ्यांना किंवा साध्या भिंगाला कळत नाही. त्यासाठी विशेष यंत्रे लागतात. म्हणून मान्यवर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. पुष्कळ हिऱ्यांच्या कडेवर लेसर किरणांनी क्रमांक कोरलेला असतो. तो प्रमाणपत्रातील क्रमांकाशी भिंगातून ताडून पाहावा. कोंदणाच्या सोन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी ओळख-क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे. 750 हा आकडा अठरा कॅरट सोन्याचा, आणि 916 हा बावीस कॅरटचा. पावतीत सोन्याचे व हिऱ्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे, नाहीतर खड्याचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाईल. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, हे पावतीवर स्पष्ट असावे; आणि तो परत घेताना काय दर मिळेल, हे आधीच विचारावे.

पुष्कळांना असे वाटते, की इतके प्रश्न विचारले तर दुकानदार रागावेल. पण पारखणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. सचोटीचा सराफ स्वतःच भिंग पुढे करतो, कारण पारखी गिऱ्हाईक हेच त्याच्या सचोटीचे साक्षीदार असते. संकोचाने गप्प बसणारा मनुष्य मात्र स्वतःच्या घामाच्या पैशाचा अनादर करतो. हिरा तो हिरा आणि गार ती गार, हे खरे. पण तो भेद पाहणाऱ्याची दृष्टी उघडी असेल, तरच त्या खरेपणाला मोल येते.

अभ्यास

1. हिरा कठीण असूनही ठिसूळ असतो, म्हणजे काय? तुमच्या शब्दांत सांगा.
2. ‘नासक’ हिऱ्याचे वजन घटूनही तेज कसे वाढले?
3. कोणती गोष्ट डोळ्यांनी पारखता येते व कोणत्या गोष्टीसाठी प्रमाणपत्र लागते?
4. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: कसाला लागणे, पाणीदार, पैलू पाडणे, बावनकशी, हिणकस.
5. घरातील एखाद्या दागिन्याची पावती वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा व तिच्यात कोणकोणत्या नोंदी आहेत ते लिहा.