पेल्याचा आकार कोणी ठरवायचा?

प्रश्न : न्यूयॉर्क शहराने गोड शीतपेयांच्या मोठ्या पेल्यांवर घातलेली बंदी न्यायालयाने रद्द केली. लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत असताना हा निकाल योग्य कसा?

उत्तर : आजार खरे आहेत आणि गोड पेयांचा त्यांत वाटा आहे, हेही खरे. पण न्यायालयापुढचा प्रश्न अधिकाराचा होता. १६ औंसांहून, म्हणजे सुमारे पावणेपाचशे मिलिलिटरहून, मोठ्या पेल्यांना मनाई करणारा नियम सप्टेंबर २०१२ मध्ये केला तो महापौरांनी नेमलेल्या आरोग्य मंडळाने. निवडून आलेल्या नगर परिषदेने नव्हे. नियमही किती विसविशीत! उपाहारगृहे, चित्रपटगृहे, हातगाड्यांना तो लागू. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांना नाही. निम्म्याहून अधिक दूध असलेली पेये मोकळी, आणि तोच पेला पुन्हा भरून घेण्यास आडकाठी नाही. अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ११ मार्च २०१३ रोजी, तो रद्द झाला. जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही मंडळाने मर्यादा ओलांडल्याचे ठरवले.

कोणी म्हणेल, याच मंडळाने २००६ मध्ये उपाहारगृहांतील ट्रान्स फॅटवर बंदी घातली होती, तीही अतिक्रमणच का? माझ्या मते नाही. तळणीत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पेला मात्र डोळ्यांसमोर असतो. तिथे त्याला माहिती द्यावी, निवड त्याच्याकडे ठेवावी. त्याहून कडक उपाय हवा असेल, तर लोकांची संमती घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये गोड पेयांवर कर बसवला, तो मतदारांना विचारून. न्यूयॉर्कच्या मंडळाने ही पायरीच गाळली होती, म्हणून निकाल योग्य.