डीमन कुणाच्या हातात?

प्रश्न : मी काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या भागातली हौशी नाटकमंडळी फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटीरियल्स'चा प्रयोग करणार आहेत, तोही चर्चच्या हॉलमध्ये. कॉलेजात असताना ही तिन्ही पुस्तकं मी अधाशासारखी वाचली होती. चिलखत घातलेलं अस्वल, चेटकिणी, मेलेल्यांचा देश आणि प्रत्येक माणसासोबत वावरणारा, बोलणारा प्राणी, म्हणजे डीमन, हे सगळं एवढ्याशा रंगमंचावर कसं दाखवणार? जावं, की मनातलं पुस्तक मनातच राहू द्यावं?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : जा. चर्चच्या हॉलमध्ये पुलमन होतोय, एवढ्याच गमतीसाठीसुद्धा जायला हरकत नाही. या कादंबऱ्यांत धर्मसत्तेची जी चंपी केली आहे ती तुम्हाला आठवत असेलच.

'नॉर्दर्न लाइट्स' 1995 मध्ये आलं, 'द सटल नाइफ' 1997 मध्ये आणि 'द अँबर स्पायग्लास' 2000 मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी लंडनच्या नॅशनल थिएटरने हे सगळं रंगमंचावर आणलं. नाट्यरूपांतर निकोलस राइट यांचं, दिग्दर्शन निकोलस हाइटनर यांचं. दोन भाग, मिळून सहाएक तास. तिथल्या ऑलिव्हिये रंगमंचाखाली अवाढव्य फिरतं यंत्र आहे. ते फिरतं आणि वरखालीही होतं, त्यामुळे एक जग जमिनीत गेलं की दुसरं वर येऊ शकतं. तुमच्या हॉलमध्ये यातलं काहीही नसणार. पण म्हणून बिघडत नाही. दशावतारात एकाच बाकड्यावर राजा सिंहासन म्हणून बसतो आणि आपण मुकाट्याने मान्य करतो. जग बदललं हे नटाने ठामपणे सांगितलं की प्रेक्षक मागे येतो.

खरी कसोटी डीमनची. नॅशनलने त्यासाठी बाहुल्या वापरल्या. त्या केल्या मायकेल करी यांनी, ज्यांनी जूली टेमॉर यांच्यासोबत 'द लायन किंग'च्या नाटकातले मुखवटे आणि बाहुल्या घडवल्या होत्या. काळे कपडे घातलेला बाहुलीवाला प्रेक्षकांसमोर उघड उभा असतो. दोन-चार मिनिटांत नजर त्याच्यावरून सरकते आणि बाहुलीवर स्थिरावते. मुलांचे डीमन सतत रूप बदलतात, मोठ्यांचे कायमचे ठरलेले असतात. म्हणजे नायिका लायरा हिच्या पॅन या डीमनसाठी एक बाहुली पुरत नाही. पतंग, एर्मिन, रानमांजर असं एकेक हातात येत जातं, आणि ती अदलाबदल लपवण्याऐवजी बेधडक समोर केली तर जास्त रंगते.

पुस्तकात आपल्याला सांगितलेलं असतं की दुसऱ्याच्या डीमनला हात लावायचा नाही, ही त्या जगातली सर्वांत मोठी मर्यादा. वाचताना आपण ते मान्य करतो आणि पुढे जातो. रंगमंचावर तो नियम डोळ्यांना दिसतो. तासभर एकाही नटाचा हात दुसऱ्याच्या बाहुलीला लागलेला नसतो. मग मुलांना डीमनपासून तोडणाऱ्या बोलवांगार केंद्रात एक माणूस सरळ पॅनला पकडतो. दिग्दर्शकाने तोवर ते अंतर कसोशीने पाळलं असेल तर या क्षणी प्रेक्षागृहाच्या अंगावर काटा येतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, तालमी लागतात. तसंच डीमनपासून तोडलेल्या मुलाचं. बाकी सगळ्यांच्या शेजारी कुणीतरी आहे, याच्या शेजारी कुणीच नाही. नुसता एकटा उभा असलेला माणूस इतका भयंकर वाटावा, हे बाहुल्यांच्या नाटकातच जमतं.

आता याच्यासमोर 2007 चा 'द गोल्डन कंपास' हा चित्रपट ठेवा. त्यातले प्राणी संगणकावर केसन् केस बेतलेले होते आणि दृश्य परिणामांसाठी त्याला ऑस्करही मिळालं. पण पहिल्या पुस्तकाचा जीवघेणा शेवट चित्रपटाने गाळला आणि प्रेक्षकाला आशेवर घरी पाठवलं. कादंबरीतला काळोखच काढून घेतला, तर अस्वलाच्या केसांचं काय करायचं? 2019 मध्ये सुरू झालेल्या बीबीसी आणि एचबीओच्या मालिकेतही पडद्यावर दिसणारे प्राणी संगणकाचेच, पण चित्रीकरणाच्या वेळी नटांसमोर बाहुल्या आणि बाहुलीवाले होते. नटाला कुणाकडे तरी बघून बोलावंच लागतं.

तुम्ही पुस्तकांचे भक्त आहात, म्हणून एक सूचना आधीच देऊन ठेवतो. राइट यांच्या नाटकात शास्त्रज्ञ डॉक्टर मेरी मलोन नाहीत, आणि चाकांवर फिरणारे मुलेफा हे प्राणीही नाहीत. गोष्ट सुरू होते ती मोठे झालेले लायरा आणि तिचा सोबती विल ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात बसलेले असताना, आपापल्या जगात. मला मेरीचं जाणं खटकतं. तिसऱ्या पुस्तकातली विचारांची अर्धी बाजू तिच्यावर उभी आहे, आणि तिचे विचार दुसऱ्या पात्रांच्या तोंडी घालून ती उणीव भरून निघत नाही. पण मंडळी हीच संहिता करत असतील, तर राग त्यांच्यावर काढू नका. हौशी संस्थांना संहिता परवाना घेऊनच करावी लागते आणि परवानगीशिवाय त्यात फेरफार करता येत नाहीत.

आणि या गोष्टीला बाहुल्या परक्या मुळीच नाहीत. 'द अँबर स्पायग्लास'च्या शेवटी पुलमन यांनी तीन मोठी ऋणं मान्य केली आहेत: मिल्टन, ब्लेक आणि जर्मन लेखक क्लाइस्ट. क्लाइस्टचं ऋण आहे ते त्याच्या 1810 मधल्या निबंधाचं, आणि तो चक्क कळसूत्री बाहुल्यांविषयी आहे. नाचणाऱ्या माणसाला जी सहजता साधत नाही ती बाहुलीला का साधते, असा त्यातला प्रश्न. त्याच निबंधात तलवारबाजाचा प्रत्येक वार अडवणारं आणि खोट्या वाराला अजिबात न फसणारं एक अस्वल आहे. लायरा काठी घेऊन चिलखतवाल्या अस्वलाशी, योरेकशी, लुटुपुटूची लढाई करते तो प्रसंग आठवा, म्हणजे ते अस्वल कुठून आलं हे कळेल.

शिवाय पुलमन ऑक्सफर्डमध्ये बरीच वर्षं शाळामास्तर होते. विद्यार्थ्यांसाठी ते दरसाल नाटक लिहीत, आणि 'द फायरवर्क-मेकर्स डॉटर'सारखी त्यांची पुस्तकं त्या शालेय नाटकांतूनच जन्मली. पुठ्ठ्याचं नेपथ्य आणि विंगेत घाईने कपडे बदलणारी माणसं या लेखकाला चांगली ठाऊक आहेत.

तिकीट काढण्याआधी एक विचारून घ्या, एकच भाग करणार आहेत की दोन्ही. पहिल्याच भागावर थांबणार असतील तर गोष्ट अर्ध्यात तुटेल. अगदी पुढची रांग घेऊ नका, तिथून बाहुलीवाल्याच्या हाताकडेच लक्ष जातं. पुस्तक न वाचलेलं कुणी सोबत येणार असेल, तर डीमन म्हणजे काय ते वाटेत सांगून टाका. आणि सात-आठ वर्षांची मुलं घरी ठेवा. प्राणी बघायला म्हणून ती हट्ट करतील, पण बोलवांगारचा प्रवेश त्यांच्यासाठी नाही.