ट्रान्झिट: नाविकांचा कृत्रिम तारा

घाटंजी सुमारें 20 अंश उत्तर अक्षांशावर व 78 अंश पूर्व रेखांशाच्या किंचित् पूर्वेस आहे, हें आमचे विद्यार्थी नकाशा पाहून सांगतात. पण नकाशा करणाऱ्यांनीं तें कसें जाणलें? जवळच्या हिंगणघाट येथें 1823 सालीं देह ठेवणारे विल्यम लॅम्बटन यांनीं ह्याच 78 अंशांच्या आसपासची भूमि त्रिकोणांनीं मोजण्यांत आयुष्य वेंचलें. समुद्रावर मात्र त्रिकोण मांडावयास भूमि नाहीं, आणि आभाळ भरून आलें कीं तारेहि नाहींत. अमेरिकेच्या पोलारिस पाणबुड्यांस ही अडचण फार जाचली. कारण स्वतःचें स्थान चुकलें कीं क्षेपणास्त्राचा नेमहि चुकावयाचा.

4 ऑक्टोबर 1957 रोजीं रशियानें स्पुटनिक सोडला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील गायर व वायफेनबाख हे त्याचा रेडिओसंदेश ऐकत बसले. यवतमाळकडून येणाऱ्या मोटारीचा भोंगा जवळ येतांना चढा व दूर जातांना खालचा ऐकूं येतो. रेडिओलहरींचाहि प्रकार तसाच. त्या फरकावरून त्यांनीं स्पुटनिकची कक्षा काढली. 1958 सालीं मॅक्ल्यूर यांनीं उदाहरण उलटें मांडलें: कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणाराचें स्थान कां निघूं नये?

ट्रान्झिटचा पहिला उपग्रह 17 सप्टेंबर 1959 रोजीं कक्षेपर्यंत पोंचलाच नाहीं. ट्रान्झिट 1-बी हा 13 एप्रिल 1960 रोजीं पोंचला. 1964 पासून नौदल ह्या उपग्रहांचा नित्य उपयोग करूं लागलें. ते सुमारें 1,100 किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेंत, सुमारें 106 मिनिटांत एक प्रदक्षिणा करीत. ध्रुवांवरूनच कां? कक्षेची पातळी आकाशांत जवळजवळ स्थिर राहते व खालीं पृथ्वी फिरते. तेवढ्या वेळांत ती सुमारें 27 अंश फिरते, म्हणून पुढची फेरी तितकी पश्चिमेकडून जाते. अशा रीतीनें एकहि गांव कायमचें वगळलें जात नाहीं; घाटंजीहि नाहीं.

पुष्कळांस वाटतें, उपग्रह आपणांस आपलें स्थान सांगतो. तसें नव्हे. तो दर दोन मिनिटांनीं स्वतःच्याच कक्षेची माहिती पाठवी, आणि तीहि जमिनीवरील केंद्रें त्याचा माग काढून त्यास पुरवीत. संदेशाचा स्वर ज्या क्षणीं नेमका मूळचा ऐकूं येई, त्या क्षणीं उपग्रह जवळांत जवळ असे. स्वर झपाट्यानें उतरला तर तो जवळून गेला, सावकाश उतरला तर दुरून. बाकीचें काम गणिताचें.

जहाज चालतें असल्यास त्याचा वेगहि हिशेबांत धरावा लागे, आणि पुढच्या उपग्रहाची वाट पाहावी लागे ती निराळीच. 1967 सालीं ही सोय व्यापारी जहाजांस खुली झाली. पुढें जी. पी. एस. आली. तिचे उपग्रह सुमारें 20,200 किलोमीटर उंचीवर असून चार तरी एकाच वेळीं नजरेच्या टप्प्यांत असतात. त्यामुळें वाट पाहणें संपलें, आणि 1996 च्या अखेरीस ट्रान्झिटची नौकानयनाची सेवा बंद करण्यांत आली.