तपासणारा वेगळा हवा

श्रुतलेखन संपले. बाई म्हणाल्या, "आता आपली वही शेजाऱ्याला तपासायला द्या."

रोहन म्हणाला, "बाई, माझी वही मीच तपासतो."

"बरे, तपास."

रोहनने वही तपासली. त्याला एकही चूक सापडली नाही. मग तीच वही मीनाने पाहिली. तिला तीन चुका सापडल्या. रोहन ओशाळला.

बाई म्हणाल्या, "रोहन खोटे बोलला नाही. पण आपली चूक आपल्याला सहज दिसत नाही. यंत्रे बनवणाऱ्यांचेही असेच होते. एक खरी गोष्ट सांगते, ऐका."

अमेरिकेत एम.आय.टी. नावाचे मोठे विद्यापीठ आहे. जॉय बुओलाम्विनी तेथे शिकत होत्या. त्यांचा रंग काळा. एकदा त्या चेहरा ओळखणाऱ्या संगणकासमोर बसल्या. संगणकाला त्यांचा चेहरा सापडेना. त्यांनी पांढरा मुखवटा घातला. लगेच संगणकाला चेहरा सापडला!

"असे कसे झाले?" मीनाने विचारले.

"असा संगणक चित्रे पाहून शिकतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. त्याला बहुतेक गोऱ्या लोकांचीच चित्रे दाखवली, तर तो इतरांच्या बाबतीत चुकतो."

जॉय यांनी अशा यंत्रांची तपासणी करायचे ठरवले. टिमनिट गेब्रू त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या खासदारांची १२७० छायाचित्रे घेतली. तीन कंपन्यांच्या यंत्रांना ती दाखवली. चेहरा पुरुषाचा की स्त्रीचा, एवढेच यंत्राने सांगायचे होते.

एकूण उत्तरे बरी आली. पण चेहऱ्यांचे गट वेगळे केले, तेव्हा खरे कळले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एकही चूक होत नव्हती म्हटले तरी चालेल. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र दोन कंपन्यांची यंत्रे शंभरात सुमारे ३५ वेळा चुकली.

२०१८ साली ही माहिती सर्वांसमोर आली. त्या कंपन्यांनी आपली यंत्रे सुधारली. पुन्हा तपासले, तेव्हा चुका खूप कमी झाल्या होत्या. पण पूर्वी न तपासलेल्या दोन कंपन्यांची यंत्रे तेव्हाही पुष्कळ चुकत होती.

रोहन म्हणाला, "बाई, यंत्र चुकले तर काय बिघडले?"

"अरे, चेहरा ओळखणारी यंत्रे पोलीसही वापरतात. यंत्राने भलत्याच माणसाकडे बोट दाखवल्यामुळे अमेरिकेत निरपराध लोकांना अटक झाली आहे."

वर्ग शांत झाला.

"म्हणून यंत्र बनवणाऱ्याने ते तपासावेच, पण बाहेरच्या माणसानेही तपासावे. त्याला कंपनीची भीती नको आणि कंपनीकडून लाभही नको. न्यूयॉर्क शहरात २०२३ सालापासून असा एक कायदा लागू आहे. नोकरीसाठी माणसे निवडायला असे यंत्र वापरायचे असेल, तर बाहेरच्या तपासनिसाकडून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. तिचा निकाल लोकांसमोर ठेवावा लागतो."

रोहनने आपली वही मीनाकडे सरकवली. "उद्याही तूच तपास हं!"

शब्दार्थ
ओशाळणे – लाज वाटणे
निरपराध – ज्याने गुन्हा केलेला नाही असा
तपासनीस – तपासणी करणारा

स्वाध्याय
१. रोहनला स्वतःच्या चुका का सापडल्या नाहीत?
२. चेहऱ्यांचे गट वेगळे केल्यावर काय कळले?
३. तपासणारा बाहेरचा का असावा?
४. आपल्या मॉरिशसमध्ये असे यंत्र तपासायचे झाले, तर तुम्ही कोणाकोणाची छायाचित्रे घ्याल? वर्गात चर्चा करा.