आधी तारेचं पोट बघ

लेका, तुझी यादी वाचली. पहिल्याच ओळीत बॅटरीवरचा ग्राइंडर! तो खोडू नकोस, पण खाली ने. भिगवण-पळसदेव पट्ट्यात मोटारी, कुंपणं आणि पत्र्याची शेडं अशी कामं घेणार म्हणतोस, तर त्यातलं बरंचसं काम ठिणगी न पाडताच चांगलं होतं.

कटर निवडताना जाडीला भुलू नकोस. कापायच्या वस्तूत सगळ्यात कडक काय आहे, ते आधी बघ. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे तुला माहीत आहेच. आठ गेजची साधी जीआय तार चार मिलिमीटरची, तरी बोल्ट कटर तिचा मुळ्यासारखा तुकडा पाडतो. तिच्याहून बारीक हाय-टेन्साइल तार मात्र नव्या पक्कडीच्या धारेला खाच पाडते. खांबावरची एसीएसआर तार वरून अ‍ॅल्युमिनियमची दिसते, पण पोटात पोलाद असतं. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचा रॅचेट केबल कटर तिला लावलास तर पातं गेलंच म्हणून समज. लोहचुंबकाचा एक तुकडा खिशात ठेव. तार सोलून आतल्या प्रत्येक पदराला लावून बघ. चिकटला तर केबल कटर पिशवीत परत.

तुझं खरं पोट भरणार उजनी धरणाच्या फुगवट्यावर. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की शेतकरी मोटारी खाली नेतात आणि दरवर्षी केबल वाढवायची वेळ येते. तिथं पक्कडीनं केबल चावत बसू नकोस. तांब्याचे पदर चपटे होतात, बाहेर फाकतात, मग लगमध्ये जात नाहीत. कोणी तरी चार पदर छाटून उरलेले कोंबतो आणि जॉइंट तापायला लागतो. गोलाईच्या पात्यांचा केबल कटर घे. तो केबलला कवेत घेऊन कापतो. सबमर्सिबलच्या चपट्या केबलचे तिन्ही कोर एकाच जागी तोडायचे नाहीत. एक आखूड, एक मधला, एक लांब ठेव आणि दुसऱ्या टोकाला उलट क्रम धर. म्हणजे तिन्ही जॉइंट मागंपुढं येतात, शेजारी बसत नाहीत. आर्मर्ड केबल असली तर वरच्या पोलादी तारांना हॅक्सॉनं गोल अर्धवट काप दे, मग एकेक वाकवून मोड. आतल्या कोरपर्यंत करवत जाऊ द्यायची नाही. कटरचं काम त्यानंतर.

आणि ऑटो स्विच! शेतीची थ्री-फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइन आली की ऑटो मोटार चालू करतो; तू केबल हातात धरून बसलायस हे त्याला कळत नाही. स्टार्टर बंद केला म्हणजे भागलं असं समजू नकोस. तिन्ही फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घाल, मालकाच्या पोराकडं देऊ नकोस. टेस्टर लावल्याशिवाय कटर लावायचा नाही. पक्कडीच्या दांडीवरचं साधं प्लॅस्टिक पकडीसाठी असतं, विजेसाठी नव्हे. विजेची पक्कड वेगळी मिळते, तिच्यावर १००० व्होल्टची खूण असते, तीच घे.

द्राक्षबागेतली ताणाची तार कापायची तर आधी ताण सैल कर. ताणलेली तार तुटली की टोक चाबकासारखं येतं आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. चष्मा घाल, तारेच्या रेषेत उभा राहू नकोस, दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघ. बोल्ट कटरमध्ये तार टोकाला धरायची नाही, जबड्याच्या मुळाशी सरकव. दांड्यांना पाइप लावून जोर मारावा लागत असेल तर कटर लहान पडतोय.

पत्र्याच्या कात्र्या तीन रंगांत येतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडं वळते, हिरवी उजवीकडं. साध्या लोखंडी पत्र्यात अठरा गेजपर्यंत त्यांची ताकद, स्टीलच्या पत्र्यात बावीसपर्यंतच. कात्री पूर्ण मिटवू नकोस, शेवटचं थोडं अंतर उघडं ठेवून पुढं सरक. नाहीतर प्रत्येक टप्प्याला काटा निघतो. लांब, नालीदार पत्रा असला तर ड्रिलला लावायचा निबलर घे. रंगीत पत्र्यावर ग्राइंडर चालवलास तर कडेचा रंग आणि जस्त जळतं, गरम कीस वर चिकटतो. पहिल्या पावसात तांबेरा दिसला की शेडचा मालक तुझ्याच नावानं ओरडणार. पातळ पत्रा, पाइप हॅक्सॉनं कापताना इंचाला ३२ दातांचं ब्लेड लाव. एका वेळी तीन दात तरी टेकले पाहिजेत.

अँगल आणि जाड पाइप कापायला शेवटी ग्राइंडर लागतोच. चार इंची मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेतं, म्हणजे व्हीलची कडा ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. गार्ड काढून पाच इंची व्हील किंवा लाकडाचं दातेरी पातं लावणारे महाभाग तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, लांब उभा राहा. व्हीलच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती वाचून घे. ओल लागलेलं व्हील फेकून दे. ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट पडलेलं असतं, तिथं एक ठिणगी पुरे. साखर कारखान्यात बगॅसच्या ढिगाजवळ ठिणगीचं काम काढायचं तर आधी लेखी परवाना मागतात. शेतावर कोणी मागत नाही, तिथं पाण्याची बादली तूच भरून ठेव.

खरेदीचा क्रम असा धर: पक्कड, साइड कटर, केबल कटर, हॅक्सॉ, पत्र्याची पिवळी कात्री, मग बोल्ट कटर. ग्राइंडर पहिल्या मोसमाच्या पैशातून घे. जुनी बोथट कात्री बेंच ग्राइंडरवर धार लावायला नेऊ नकोस. धार निळी पडली की पाणी उतरतं. तशीच ठेव, शेडनेट कापायला चालते.