बायक्रोमेटचा हिशेब : धातू पिंपातच पकडावा

महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा घेऊन पुढे जाते. म्हणजे साताऱ्याकडे नाल्यात सोडलेले पाणी सांगलीकरांच्याच वाटेवर असते. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. परंतु मैलापाणी आणि धातूचे पाणी यांत मोठा फरक आहे. मैला कुजून जातो. क्रोमियम, शिसे, कॅडमियम कुजत नाहीत. गाळात बसतात आणि पुरात पुन्हा उठतात. पाणी उकळून जंतू मरतात, धातू तेथेच राहतो. जपानात जिंझू नदीकाठी खाणीचे कॅडमियम भातात उतरले, लोकांची हाडे ठिसूळ झाली. सरकारने हे कारण १९६८ साली मान्य केले.

आता आमच्या धंद्याकडे वळू. सुतावरचा सल्फर काळा पक्का करण्यासाठी रंगारी पोटॅशियम बायक्रोमेट वापरत आले आहेत. एक किलो बायक्रोमेटमध्ये सुमारे ३५० ग्रॅम क्रोमियम असते. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. त्या हिशेबाने हे ३५० ग्रॅम ७० लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतात. दहा हजार लिटरचे ७०० टँकर! भाव ठरवताना हा खर्च कोणी धरत नाही, कारण तो दुसऱ्याच्या घागरीत जातो.

सर्वांत बरा उपाय म्हणजे बायक्रोमेट घेऊच नये. हायड्रोजन पेरॉक्साईडनेही हा काळा पक्का होतो. छटेत थोडा फरक पडतो, म्हणून कापडवाल्याने नमुना पाहूनच सौदा करावा आणि कशाने पक्का केला हेही विचारावे.

ज्यांचे बायक्रोमेट सुटत नाही त्यांनी ते पाणी वेगळ्या पिंपात धरावे. धुण्याच्या पाण्यात मिसळले की शंभर पिंपांचे काम होते. आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणावा, मग सोडियम मेटाबायसल्फाईट घालावे. पिवळा रंग जाऊन हिरवट येतो, म्हणजे जहाल क्रोमियम सौम्य झाले. नंतर चुना घालून पीएच ८ ते ९ करावा आणि रात्रभर ठेवावे. हिरवा गाळ तळाला बसतो. वरचे पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सोडू नये. जहाल क्रोमियमची सांडपाण्यातील मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, ती डोळ्यांना दिसत नाही.

हे काम उघड्या हवेत, हातमोजे घालून, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. सल्फर रंगाच्या पाण्यात आम्ल पडले तर विषारी वायू सुटतो. आणि गिलीट करणाऱ्या बांधवांनी तर सायनाईडच्या पाण्याजवळ आम्लाची बाटलीही आणू नये. तो वायू माणसाला सावरायला वेळ देत नाही.

गाळ शेतात किंवा उकिरड्यावर टाकणे म्हणजे धातू फिरून विहिरीत आणणे. तो घातक कचरा आहे, अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. पुण्याजवळ रांजणगावला असे केंद्र आहे. एकट्या लहान रंगाऱ्याला गाडीभाडे परवडत नाही हे खरे. चार-पाच जणांनी झाकणाच्या पिंपात गाळ जमवून एकच गाडी करावी. तत्पूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कार्यालयात संमतीपत्राची व गाळ ठेवण्याच्या मुदतीची चौकशी करून घ्यावी.